कोलेस्टेरॉलसाठी इसबगोल, लसूण, गुग्गुळ की गोळी: कशाने किती फरक पडतो

प्रश्नकर्त्यांनी दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. वय ४६ वर्षे, वास्तव्य नाशिकला, धूम्रपान नाही, रक्तदाबासाठी रोज एक गोळी चालू आहे आणि वडिलांची वयाच्या ५४व्या वर्षी बायपास झालेली आहे. ताज्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २४२, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६२, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील दुसरी चरबी) २१० असे आकडे आले. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळी लिहून दिली, परंतु ती सुरू करण्याआधी सहा महिने नैसर्गिक उपाय करून पाहावेत अशी प्रश्नकर्त्यांची इच्छा आहे. त्यासाठी लसणाच्या कॅप्सूल आणि गुग्गुळाच्या गोळ्या त्यांनी विकत आणल्या आहेत, अमेरिकेतील भाच्याने लाल यीस्ट तांदळाची बाटली पाठवली आहे आणि इसबगोल घरात आहेच. यांपैकी काय घ्यावे, किती घ्यावे आणि गोळी टाळता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. नैसर्गिक पदार्थांपैकी काहींनी एलडीएल खरोखरच उतरते आणि ते उत्तम प्रतीच्या अभ्यासांत दिसलेले आहे. मात्र ही घट बहुतेक वेळा ५ ते १० टक्के, आणि आहार मनापासून बदलला तर त्याहून थोडी अधिक असते. आपल्या बाबतीत लागणारी घट याच्या कितीतरी पट आहे. म्हणून आपण जमवलेल्या चार वस्तूंपैकी इसबगोल अवश्य सुरू करावे, पण गोळीच्या सोबत. लसणाच्या कॅप्सूल आणि गुग्गुळ कोलेस्टेरॉलसाठी घेण्यात अर्थ नाही, आणि भाच्याने पाठवलेली बाटली उघडू नये. यामागची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण केवळ ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढ्यावर आयुष्यभराचा निर्णय कोणी घेऊ नये.

लागणारी घट किती, हे आधी पाहू. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार कमी जोखमीच्या व्यक्तीचे एलडीएल १००च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीचे ७०च्या खाली, आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांचे ५५च्या खाली असावे. आपण रक्तदाबाची गोळी घेता, शिवाय वडिलांचा आजार पंचावन्नच्या आत उद्भवला, म्हणजे आपले लक्ष्य ७०च्या आसपासचे आहे. १६२ वरून ७० वर येण्यासाठी सुमारे ५७ टक्के घट हवी, आणि अगदी १०० हेच लक्ष्य धरले तरी ३८ टक्के हवी. उलट १० टक्के घट झाली तर आकडा १४६ होईल. हा हिशेब कागदावर मांडून पाहिल्याशिवाय कोणत्याही उपायाची निवड करू नये, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. एखादा उपाय परिणामकारक आहे की नाही हा प्रश्न अपुरा आहे. तो आपल्याला लागतो तेवढा परिणामकारक आहे का, हे विचारायला हवे.

आता शरीरात नेमके काय घडते ते थोडे समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे उलगडेल. रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग आहारातून थेट येत नाही, तो शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की ती असे ग्राहक अधिक संख्येने पृष्ठभागावर आणते आणि रक्तातील एलडीएल खेचून घेते. हे कार्य उलगडल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृत याच कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते, ती आतड्यात सोडली जातात, पचनाचे काम संपल्यावर त्यांतील बहुतांश पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात आणि नव्याने वापरली जातात. स्टॅटिन गटातील औषधे यकृतातील निर्मितीला आळा घालतात, तर चिकट, विरघळणारे तंतू पित्ताम्लांचा परतीचा मार्ग अडवतात. दोन्हींचा शेवट एकच होतो: यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडते आणि ते रक्तातून ओढून घेतले जाते. मार्ग वेगळे असल्यामुळे दोन्ही परिणाम एकमेकांत मिळवता येतात, आणि माझ्या सल्ल्याचा गाभा हाच आहे.

इसबगोलाविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडच्या सर्व पर्यायांत त्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे आणि तरीही ते बद्धकोष्ठाचे औषध म्हणूनच ओळखले जाते. गुजरात आणि राजस्थानातील शेतांतून येणारे हे पीक मेहसाणा जिल्ह्यातील उंझाच्या बाजारातून जगभर जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्येच त्याच्या वेष्टनावर हृदयरोगाची जोखीम कमी करण्याविषयीचा दावा छापण्यास परवानगी दिली. दिवसाला सुमारे १० ग्रॅम इसबगोल नियमितपणे घेतल्यास एलडीएल साधारणपणे ५ ते १० टक्के उतरते. आपल्याकडे मात्र ते रात्री झोपताना एक चमचा दुधातून किंवा कोमट पाण्यातून घेतात. बद्धकोष्ठासाठी ते ठीक आहे, पण कोलेस्टेरॉलसाठी ती मात्राही अपुरी आणि वेळही चुकीची. पित्त जेवणासोबत आतड्यात उतरते, म्हणून इसबगोलही जेवणाच्या वेळीच पोटात असायला हवे. दोन्ही मुख्य जेवणांच्या थोडे आधी प्रत्येकी ५ ग्रॅम, असे त्याचे विभाजन करावे. चमच्याच्या मापात फार फरक पडतो, तेव्हा घरात छोटा वजनकाटा असल्यास पहिल्यांदा तोलून पाहावे आणि मग तेवढ्याच मापाची वाटी किंवा चमचा ठरवून टाकावा.

सुरुवात मात्र एकदम १० ग्रॅमने करू नये. पोट फुगते, वायू होतो, आणि माणूस चार दिवसांत कंटाळून सोडून देतो. पहिला आठवडा दिवसाला ३ ग्रॅम, मग हळूहळू वाढवत तीन-चार आठवड्यांत पूर्ण मात्रेवर यावे. प्रत्येक वेळी मोठा पेला भरून पाणी लागतेच. कोरडे इसबगोल तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे, कारण ते घशात फुगून अडकू शकते. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्याला पूर्वी अडथळा झालेला आहे, त्यांनी ते घेऊच नये. इतर औषधे आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडच्या गोळीबाबत तर हे फार काटेकोरपणे पाळावे, कारण तिचे शोषण त्यामुळे कमी होऊ शकते. मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखर थोडी खाली येते, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. बाजारात मिळणाऱ्या संत्र्याच्या चवीच्या पुड्यांत बरेचदा साखर असते. ज्याचे ट्रायग्लिसराइड २१० आहे त्याने त्या टाळून साधे सत इसबगोल आणावे.

आता गोळीसोबत घेतल्याने काय होते ते पाहा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमसोबत रोज १५ ग्रॅम इसबगोल देण्यात आले, आणि आठ आठवड्यांनंतर त्या गटातील एलडीएलची घट सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटाइतकीच आढळली. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार केल्यावरही हाच निष्कर्ष निघाला की स्टॅटिनला इसबगोलाची जोड देणे हे स्टॅटिनची मात्रा दुप्पट करण्याच्या तोडीचे आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी अधिकची घट जेमतेम ६ टक्के मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे इसबगोलाचे मोल कळते. ज्याला औषधाची मात्रा कमीत कमी राहावी असे मनापासून वाटते, त्याच्यासाठी याहून चांगला नैसर्गिक उपाय माझ्या माहितीत नाही.

ओट्स आणि सातू यांतील बीटा-ग्लुकन हा तंतू याच पद्धतीने काम करतो. त्याची दिवसाची मात्रा ३ ग्रॅम धरली जाते, म्हणजे कोरडे ओट्स साधारण ७५ ते ८० ग्रॅम, चमचाभर नव्हे. मेथीच्या दाण्यांतही असा चिकट तंतू आहे, परंतु त्यावरील अभ्यास लहान आहेत आणि त्यांत वापरलेली मेथी २५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त होती. रात्री भिजवलेले दहा-बारा दाणे सकाळी चावून खाणाऱ्याने त्या निकालांची अपेक्षा धरू नये. जवसाची चटणी विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी होते आणि ती आहारात असावीच, मात्र दाणे कुटलेले हवेत, कारण अखंड दाणे बरेचदा न पचता तसेच बाहेर पडतात. आवळा आणि अर्जुनसाल यांच्याविषयी आशादायक पण लहान अभ्यास आहेत. त्यांच्या भरवशावर गोळी बंद ठेवावी इतके बळ त्या पुराव्यात नाही. जिऱ्याचे पाणी, लिंबू-मध आणि सफरचंदाचा शिरका यांच्याविषयी तर कोलेस्टेरॉलच्या संदर्भात सांगण्याजोगे काही नाही.

वनस्पतिजन्य स्टेरॉल हा आणखी एक प्रामाणिक पर्याय आहे. कोलेस्टेरॉलसारखीच रचना असल्यामुळे हे रेणू आतड्यात त्याची जागा अडवतात आणि त्याचे शोषण घटवतात. फिनलंडमध्ये १९९५ साली असा घटक घातलेले मार्गरिन बाजारात आले, तेव्हापासून त्यावर भरपूर अभ्यास झाला आहे. रोज २ ग्रॅम घेतल्यास एलडीएल ८ ते १० टक्के उतरते, पण नेहमीच्या जेवणातून आपल्याला याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकेच स्टेरॉल मिळतात, त्यामुळे उरलेले विकत घ्यावे लागतात. आकडा उतरला तरी झटके टळतात, असे दाखवणारा अभ्यास मात्र स्टेरॉलच्या बाबतीत झालेला नाही. परवडत असेल तर घ्यावेत, पण इसबगोल त्यांच्याहून किती तरी स्वस्त पडते.

लसणाकडे वळतो. लसूण ही आपल्या स्वयंपाकघरातील लाडकी वस्तू आहे आणि चटणीत, फोडणीत ती जरूर असावी. परंतु २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी एलडीएल मध्यम वाढलेल्या १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा निष्प्रभ गोळ्या (तुलनेसाठीच्या, औषध नसलेल्या) दिल्या, तेव्हा कोणत्याही गटात एलडीएलवर उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. २०२२ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी आणखी थेट तुलना केली. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, एकाला निष्प्रभ गोळी, आणि उरलेल्या सहा गटांना अनुक्रमे माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ देण्यात आले. २८ दिवसांनंतर रोसुव्हास्टॅटिनच्या गटात एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले होते. सहांपैकी एकही पूरक पदार्थ निष्प्रभ गोळीपेक्षा सरस ठरला नाही आणि लसणाच्या गटात तर एलडीएल थोडे वाढले. या अभ्यासाला रोसुव्हास्टॅटिनच्या मूळ उत्पादकाने अर्थसाहाय्य दिले होते, गट लहान होते आणि कालावधी चारच आठवड्यांचा होता, हेही सांगितले पाहिजे. दीर्घ अभ्यासांत गुण दाखवलेले स्टेरॉल इथे मागे पडले, याचे कारण बहुधा तेच असावे. तरीही आपण आणलेल्या लसणाच्या कॅप्सूलच्या बाजूने त्यात काही सापडत नाही. ज्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांना लसणाचा अर्क अधिक मात्रेत घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तो बंद करण्यास सांगतात.

गुग्गुळाची कथा भारतीय संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे आणि ती मी आदरानेच सांगतो. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या (मेद वाढण्याच्या विकाराच्या) वर्णनाचा धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळाचे सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली आपला प्रबंध सादर केला. त्यातून प्रेरणा घेऊन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचा शुद्ध केलेला अर्क विकसित केला आणि १९८०च्या दशकात तो कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध म्हणून भारतीय बाजारात आला. त्या काळच्या भारतीय अभ्यासांत गुण दिसला होता, पण ते बहुतांश लहान होते. मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १०३ जणांवर काटेकोर तुलनात्मक अभ्यास झाला आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांत निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल ५ टक्के उतरले, तर गुग्गुळ घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्के वाढले, आणि काही जणांच्या अंगावर पुरळ उठले. त्या लोकांचा आहार आणि प्रकृती आपल्याहून वेगळी होती, हा आक्षेप घेता येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु तो आक्षेप खोडून काढील असा तितक्याच कसोशीचा भारतीय अभ्यास समोर आल्याशिवाय मी कोणाला या कारणासाठी गुग्गुळ देणार नाही. डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळामुळे घटते, आणि दोन्ही रक्तदाबासाठी वापरली जातात. आपली गोळी कोणती आहे हे आपण लिहिलेले नाही, तेव्हा ती यांपैकी असल्यास गुग्गुळ आजच थांबवावे. आणखी एक गोष्ट मनाला लागते: कच्छ आणि राजस्थानच्या रखरखीत पट्ट्यातले हे झुडूप डिंकासाठी खोलवर चिरे पाडल्यामुळे मरते, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आज ते अतिशय संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. ज्या विकारात त्याचा उपयोग सिद्ध नाही, त्यासाठी ते ओरबाडले जाऊ नये.

लाल यीस्ट तांदळाविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. तांदळावर मोनास्कस जातीची बुरशी वाढवून तो तयार करतात आणि चीन-जपानमध्ये तो शतकानुशतके वापरात आहे. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतूनच पहिले स्टॅटिन शोधले आणि १९७९ साली मोनास्कसमधून मोनाकोलिन-के हा रेणू वेगळा केला. तो रेणू म्हणजेच लोव्हास्टॅटिन, ज्याला अमेरिकेत १९८७ साली औषध म्हणून मान्यता मिळाली. थोडक्यात, ज्या गोळीला आपण टाळू पाहता तिचाच भाऊबंद त्या बाटलीत आहे, फक्त किती आहे ते कोणालाच ठाऊक नाही. २०१० साली अमेरिकेतील अशा १२ उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा एका कॅप्सूलमधील मोनाकोलिन-केचे प्रमाण ०.१० मिलिग्रॅमपासून १०.०९ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे शंभरपट कमी-अधिक निघाले, आणि चार उत्पादनांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विष वाजवीहून जास्त आढळले. चीनमध्ये झटका येऊन गेलेल्या ४,८७० रुग्णांवर शुद्ध, प्रमाणित अर्क वापरून मोठा अभ्यास झाला आणि त्यात झटके खरोखर कमी झाले, हे मान्य करायलाच हवे. पण तो गुण स्टॅटिनचाच होता. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा उत्पादनांत मोनाकोलिनची दैनिक मात्रा ३ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणे बंधनकारक केले. २०२४ साली जपानमध्ये कोलेस्टेरॉलसाठी विकल्या जाणाऱ्या लाल तांदळाच्या गोळ्यांत दुसऱ्याच बुरशीचे विष मिसळले गेले आणि मूत्रपिंडाच्या विकाराने शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. स्टॅटिनचे स्नायूदुखी, यकृताची सूज हे सर्व संभाव्य त्रास या बाटलीतही आहेत, आणि ती डॉक्टरांच्या गोळीसोबत घेतली तर ते दुपटीने होऊ शकतात. मुलाला जन्म देण्याच्या वयातील स्त्रियांनी तर ती डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नये.

दारुहळदीतील बर्बेरिन हल्ली समाजमाध्यमांवर गाजते आहे. ते यकृतावरील ग्राहक वाढवते आणि त्याने एलडीएल उतरल्याचे दिसलेही आहे, परंतु बहुतेक अभ्यास चीनमधले आणि अल्पकाळाचे आहेत, त्याने अनेक औषधांच्या पचनात ढवळाढवळ होते, आणि गर्भवतींना ते वर्ज्य आहे. माशाच्या तेलाने ट्रायग्लिसराइड उतरतात, एलडीएल उतरत नाही, काहींमध्ये किंचित वाढतेच, आणि मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याची शक्यता वाढते. नायसिन हे ब-जीवनसत्त्व एकेकाळी मानाचे होते, पण २०११ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत स्टॅटिनला त्याची जोड देऊन झटके कमी झाले नाहीत. दुष्परिणाम मात्र वाढले. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. भाजीतली हळद निराळी, तिच्याविषयी हे म्हणणे नाही.

बाटलीतल्या वस्तूंपेक्षा ताटातल्या वस्तूंवर माझा अधिक विश्वास आहे आणि त्याला आधार आहे. टोरँटोचे डेव्हिड जेनकिन्स यांनी २००३ साली वनस्पतिजन्य स्टेरॉल, सोयाबीनची प्रथिने, चिकट तंतू आणि बदाम हे सारे एकत्र असलेला आहार महिनाभर तयार करून दिला, तेव्हा एलडीएल २८.६ टक्के उतरले. लोव्हास्टॅटिनच्या गटात ते ३०.९ टक्के उतरले होते. हा निकाल वाचून अनेकांना वाटते की आहारानेच काम भागेल. पण त्याच संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला दिला आणि स्वयंपाक त्यांच्यावर सोडला, तेव्हा सहा महिन्यांनंतरची घट १३ ते १४ टक्क्यांवर आली. माझ्या अनुभवात मन लावून पथ्य पाळणाऱ्यांचा आकडा साधारण तेवढाच उतरतो, आणि तो कमी लेखण्याजोगा नाही.

आपल्या घरात हे कसे आणायचे? दुपारच्या जेवणात रोज एक मोठी वाटी मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ किंवा राजम्याची उसळ असावी, आणि ती भाजीच्या जोडीला नव्हे, भाताचा अर्धा भाग काढून त्याच्या जागी असावी. तूप, लोणी, खोबरेल आणि पामतेल यांतील संपृक्त चरबीच एलडीएल सर्वांत जास्त चढवते, म्हणून रोजच्या फोडणीला करडई, शेंगदाणा किंवा मोहरीचे तेल वापरावे, तेही मोजून. वरणावर अर्धा चमचा तूप घेतल्याने आकाश कोसळत नाही, पण डब्यातले फरसाण, खारी आणि बेकरीची बिस्किटे पामतेलातली असतात आणि त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. मूठभर शेंगदाणे किंवा बदाम खाण्यास हरकत नाही, मात्र ते न तळलेले आणि बिनमिठाचे असावेत. आपले ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि एचडीएल कमी आहे. हा जोड आपल्या लोकांत फार आढळतो आणि त्याचे मूळ चरबीपेक्षा साखर, मैदा, भाताचे मोठे प्रमाण, मद्य आणि पोटावरचा घेर यांत असते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोन वेळा खाणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड उतरत नाही याचे आश्चर्य वाटायला नको. त्या दिवशी राजगिरा, ताक आणि फळे हा अधिक चांगला मार्ग आहे. फळांत पपनस मात्र स्टॅटिन चालू असताना डॉक्टरांना विचारून खावे. ग्रेपफ्रूट हे त्याचेच संकरित अपत्य असून, सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅटॉरव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी ते वाढवते. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण फारशी येत नाही.

गोळीविषयीची भीती मी समजू शकतो. आयुष्यभर गोळी घ्यायची ही कल्पना सेहेचाळिसाव्या वर्षी कोणालाही जड जाते, आणि स्नायू दुखतात, साखर वाढते, असे ऐकलेले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण प्रमाणात. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी स्टॅटिन त्रासामुळे सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने निष्प्रभ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आळीपाळीने दिले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग निष्प्रभ गोळी घेतानाही तसाच जाणवल्याचे आढळले. त्यांचे दुखणे खोटे नव्हते. त्याचे कारण मात्र बहुतेकांच्या बाबतीत औषध नव्हते. साखर वाढण्याची शक्यता आधीच काठावर असलेल्यांमध्ये थोडी जास्त असते, म्हणून एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) पाहून ठेवावे. याच्या दुसऱ्या बाजूला, एलडीएल सुमारे ३९ अंकांनी उतरले की झटके आणि पक्षाघात अंदाजे एक-पंचमांशाने घटतात, हे लाखाहून अधिक लोकांच्या एकत्रित माहितीवरून ठरलेले आहे. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने साधारण ४५ टक्के घट होते, म्हणजे आपला आकडा ९०च्या आसपास येईल. त्यावर इसबगोल आणि वर सांगितलेला आहार यांची जोड दिली, तर ७० हा आकडा मात्रा न वाढवताही टप्प्यात येतो.

सहा महिने थांबू का, याचे उत्तर म्हणून मी आपल्याला थांबू नका असे सांगेन. वडिलांचा आजार, रक्तदाब आणि १६२ हे तिन्ही एकत्र नसते, म्हणजे एलडीएल १३०-१४०च्या घरात असलेला, घराण्यात आजार नसलेला, निरोगी माणूस असता, तर तीन महिने इसबगोल, आहार आणि रोजचे भरभर चालणे एवढ्यावर पाहू, असे मी स्वतःहून सुचवले असते. ज्यांचे एलडीएल १९०च्या वर आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा झटका येऊन गेला आहे, त्यांनी असा प्रयोग करूच नये. आपले मन तरीही घेत नसेल, तर निदान डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून, त्यांच्या देखरेखीखाली बारा आठवडे, त्याहून जास्त नाही, अशी मुदत ठरवावी. गुपचूप गोळी न घेता चिठ्ठी खिशात ठेवणे सर्वांत वाईट, कारण मग पुढच्या तपासणीचा आकडा पाहून डॉक्टर मात्रा विनाकारण वाढवतात.

तपासणीबाबतही काही सांगतो. एकाच माणसाचे एलडीएल काही न करताही दोन वेळांमध्ये ८-१० टक्के वर-खाली होते. म्हणून एखादी बाटली संपवून आकडा १६२चा १५० झाला, तर त्याचे श्रेय लगेच बाटलीला देऊ नये. प्रयोगशाळा तीच ठेवावी, ताप किंवा आजारपणानंतर लगेच रक्त देऊ नये, आणि गोळी सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. पहिल्या तपासणीसोबतच टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी, एसजीपीटी (यकृतासाठी) आणि लघवीतील प्रथिने पाहावीत, कारण थायरॉइड मंद असल्यास एलडीएल वाढते आणि थायरॉइडवर उपचार केल्यावर ते बरेचसे आपोआप उतरते. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी असे वर उल्लेखलेल्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांतही सांगितले आहे. तो अंश आनुवंशिक असतो, आहाराने किंवा इसबगोलाने हलत नाही, आणि वडिलांना पंचावन्नच्या आत आजार झालेल्या घरांत तो वाढलेला सापडण्याची शक्यता अधिक असते. तो जास्त निघाल्यास एलडीएल आणखी खाली ठेवावे लागते.

पुढच्या भेटीला जाताना चारही वस्तू, त्यांच्या बाटल्या आणि डब्यांसह, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवाव्यात. गोळी किंवा कोणताही पूरक पदार्थ घेत असताना डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, विनाकारण मळमळ, किंवा श्रम न करता दोन्ही मांड्या-खांद्यांत तीव्र वेदना यांपैकी काही जाणवले, तर सर्व थांबवून त्याच दिवशी दाखवावे. आणि आपली भावंडे व अठरा वर्षांवरील मुले यांचीही लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइडची रक्ततपासणी) याच महिन्यात करून घ्यावी. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची सक्ती आता नाही, फक्त ट्रायग्लिसराइड ४००च्या वर निघाले तर उपाशीपोटी पुन्हा करावी लागते, कारण तेवढ्या पातळीला एलडीएल काढण्याचे नेहमीचे सूत्र विश्वासार्ह राहत नाही.